हौद्यातली खसखस

उज्ज्वला डांगेच्या तालमीत त्या संध्याकाळी जेवढ्या पोरी होत्या, त्यापेक्षा फोननं आठ-नऊ जास्त मोजल्या.

उज्ज्वला हे नाव फक्त आधारकार्डावर. कुरणवाडीत आणि भोगावतीच्या काठानं सगळे तिला अक्काच म्हणायचे. पन्नाशी उलटलेली, अंगानं भक्कम, आणि आवाज असा की कुस्तीच्या हौद्यातून हाक मारली तर नदीपलीकडचं कुत्रं उठून बसावं. मुलींची तालीम काढून तिला बरीच वर्षं झाली होती आणि आता लांबलांबून आईबाप पोरींना तिच्याकडे आणून सोडायचे.

रोज सराव संपला, पोरी खुराकाच्या दुधाला बसल्या, की खिडकीतला फोन दिवसाचा हिशेब मोठ्यानं बोलून दाखवायचा. कुणाच्या खांद्यावर ताण आहे, कोण बैठका मारताना टाचा उचलते, ईश्वरी पोवारचा पट, म्हणजे पाय ओढून पाडायचा डाव, कालपेक्षा चपळ आहे की नाही. त्या दिवशी सगळ्यांची नावं संपली तरी तो थांबला नाही. "अनोळखी कुस्तीगीर," तो म्हणाला, "पाय हलका, तोल पुढे. अनोळखी कुस्तीगीर, वजन जास्त, दम कमी..."

"कोण आलंवतं गं हौद्यात?" अक्का कडाडली.

पोरींनी मारुतीच्या शपथा घेतल्या. अक्काला गावातल्या टग्या पोरांचा संशय आला. तिनं तालमीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. दुसऱ्या दिवशी फोननं पुन्हा त्याच अनोळखी पोरींची हजेरी घेतली, वर त्यांतल्या एकीची प्रगती चांगली आहे असंही सांगितलं. तेव्हा मात्र अक्कानं अर्शदला बोलावून घेतलं.

अर्शद मुल्ला मूळचा मिरजेचा, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत कामाला. हौद्यात हे सगळं पेरलं होतं ते त्याच्याच कंपनीनं. कंपनीचा शब्द होता ‘मृदाकण’. पोरींनी पहिल्या दिवशी तो हातावर घेऊन पाहिला आणि त्याला खसखस म्हणायला सुरुवात केली. तेच नाव पडलं.

ही खसखस म्हणजे खरोखर खसखशीएवढाच एक संवेदक होता. त्याच्या सालीत एका स्फटिकाचा थर होता. तो दाबला गेला की विजेची बारीकशी लहर तयार व्हायची. म्हणजे अंगावर पैलवान आदळला की कणाला जेवण मिळायचं. ना बाहेरून तार, ना बॅटरी. आत थरथर, दाब आणि ओल ओळखणारी ज्ञानेंद्रियं होती आणि त्यांच्या शेजारीच एक चिमुकला मेंदू. जुने संवेदक निव्वळ हमाल होते. दिसेल ते उचलायचं आणि दूरच्या मोठ्या संगणकाच्या दारात नेऊन टाकायचं, विचार त्यानं करायचा. त्यात वीजही फार जायची आणि वेळही. मग संवेदक लहान होत गेले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शहाणे होत गेले. हा कण रोजचं काय ते स्वतःच शिकायचा आणि फक्त वेगळं काही घडलं तर तोंड उघडायचा. तेही आधी आजूबाजूच्या कणांना विचारून. बहुमत झालं तरच बातमी पुढे जायची. एखाद्या सहकारी संस्थेसारखा कारभार, फक्त भांडणं नाहीत. आणि बातमी पोचवायला आसपासच्या कुणाच्याही खिशातला फोन पोस्टमनसारखा चालायचा. तो फोन अक्काचाच असायला हवा असं नव्हतं.

अर्शदनं हौद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चहाचा कप खाली ठेवून त्यानं एवढंच विचारलं, "अक्का, ही माती कुणाला दिली होती का?"

अक्का उत्तर देणार एवढ्यात फोनच बोलला. "एका अनोळखी कुस्तीगिराची ओळख पटली आहे. प्रणोती खाडे. तोल उत्तम. भार डाव्या पायावर जास्त."

अक्कानं नुसता आ वासला. ते नाव त्या तालमीत दोन वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

*

प्रणोती आली तेव्हा दहा वर्षांची होती आणि तालमीला छप्परही नव्हतं. बाप दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. येताजाता पोरीला सोडायचा आणि न्यायचा, पुढे पुढे न्यायचं विसरायचा. अक्काच्या चुलीपुढं जेवून, अक्काच्या वाकळेत झोपून ती मोठी झाली. लोक म्हणायचे, अक्काला मूल नाही कोण म्हणतं?

मग खसखस आली, आणि दुसऱ्याच वर्षी प्रणोती राज्याच्या अंतिम कुस्तीला पोचली. त्याच्या आदल्या संध्याकाळी फोन म्हणाला की तिच्या डाव्या गुडघ्यातला बंध तुटायच्या बेतात आहे. अक्कानं तिला खेळू दिलं नाही. प्रणोती रडली, पाया पडली, भांडली. अक्का हलली नाही. नंतर गुडघ्याची तपासणी केली तर तो ठणठणीत निघाला.

चूक कशात होती ते अर्शदच्या माणसांना पुढे सापडलं. मोठी कुस्ती जवळ आली म्हणून अक्कानं रिवाजाप्रमाणे हौदा नव्यानं केला होता. माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळली होती. आणि पुण्याच्या कंपनीनं कणांना शिकवलं होतं ते कोरड्या वाळूच्या पेटीत. ओल्या, तेलकट मातीतून थरथर वेगळ्या वेगानं जाते, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. मातीला ताक पाजतात ही गोष्ट पुण्यातल्या एकाही अभियंत्याच्या स्वप्नात आली नसणार, आणि कंपनीला ते सांगावं असं अक्काला सुचलं नव्हतं. कंपनीनं माफी मागितली, शिकवणी सुधारली. पण प्रणोतीची कुस्ती गेली ती गेली. "मातीपेक्षा, माझ्यापेक्षा तुमाला ती खसखस खरी वाटली," असं म्हणून तिनं पिशवी उचलली.

गेल्या दसऱ्याला ती दारात येऊन उभी राहिली. चिंचमाळावर तिनं स्वतःची तालीम काढली होती. नवी तालीम निघाली की गुरूच्या हौद्यातली माती न्यायची आणि दुधात विरजण घालावं तशी नव्या मातीत मिसळायची, ही चाल. वैऱ्यानं मागितली तरी वस्ताद माती नाकारत नाही. अक्का एक शब्द बोलली नाही, पण पोतं तिनं स्वतःच्या हातानं भरलं, चांगलं दाबून भरलं. प्रणोतीनं वाकून नमस्कार केला आणि पोतं खांद्यावर टाकून ती गेली. मातीत आता मातीशिवाय आणखी काही आहे, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या मातीबरोबर फक्त मातीच जात आली होती.

"नवी जागा ओळखायला कणांना काही महिने लागले," अर्शद सगळं ऐकून म्हणाला. "आता ते तिथलं तुम्हांला सांगतायत, कारण ते अजून तुमच्याच नावावर आहेत. अक्का, हे बरोबर नाही. त्या पोरींना कुणी विचारलेलं नाही. बंद करायला हवं."

"मग कर की बंद."

"हे जुने कण आहेत. त्यांना थांबायची एकच आज्ञा कळते आणि ती सगळ्यांना एकदम लागू पडते. आतली बारीक तार जळते, मग कण म्हणजे नुसती वाळू. तुमच्या हौद्यातलेसुद्धा. नवे मी पावसाळ्यानंतर आणून देईन."

अक्कानं चैत्रातल्या यात्रेच्या कुस्त्यांचा विचार केला. "यात्रा होऊ दे," ती म्हणाली. "मग बघू."

अर्शदला ते आवडलं नाही. जाताना तो म्हणाला, "आम्ही हे आता पुलांत घालतोय, गोठ्यांच्या जमिनीत घालतोय, दवाखान्याच्या गाद्यांत घालणार आहोत. पेरायला सगळ्यांना जमतंय अक्का. वेचायचं कसं ते अजून कुणाला कळलेलं नाही."

*

आता खरं सांगायचं तर अक्काला यात्रेपेक्षा दुसरंच काही हवं होतं. रोज संध्याकाळी ती पोरींना दूध देऊन पिटाळायची, फोन कानाशी धरायची आणि चिंचमाळावरची खबर ऐकायची. प्रणोती सगळ्यांच्या आधी हौद्यात उतरते. जाड्या पोरीला ती रोज जास्त वेळ देते. शिकवताना स्वतः शंभरदा पडून दाखवते. अक्काला हसू यायचं, मग डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग आपलाच राग यायचा. लेकीच्या सासरी चोरून खिडकीतून बघावं तसा हा प्रकार होता. पण सुटत नव्हता.

यात्राकमिटीनं त्याच सुमारास एक खोडी काढली. शेवटची मानाची कुस्ती यंदा पहिल्यांदाच बायकांची ठेवली आणि जोड लावली ती ईश्वरी पोवार विरुद्ध प्रणोती खाडे. गुरूची नवी चेली आणि रुसून गेलेली जुनी. सगळा तालुका लोटणार हे उघड होतं.

एके दिवशी सरावात ईश्वरी तिसऱ्यांदा चुकली आणि अक्काच्या तोंडून निघून गेलं, "डाव्या पायाचा पट काढ. भार तिथंच असतोय तिचा."

"तुमाला कसं ठावं, अक्का? दोन वर्सं तर तिची कुस्ती बघिटली न्हाई तुमी."

"ठावं हाय. कर म्हटलं की कर."

ईश्वरीनं केलं, आणि डाव बसला. त्या दिवशी अक्काला जेवण गेलं नाही. चोरून बघणं एक आणि चोरलेलं वापरणं एक, एवढं तिला कळत होतं. उद्यापासून फोन ऐकायचा नाही असं तिनं ठरवलं.

आणि दुसऱ्याच दिवशी खिडकीतून फोन आपणहून म्हणाला, "प्रणोती खाडे. झटापट वाढल्यावर हृदयाचे ठोके अनियमित. तिसऱ्यांदा आढळले. तातडीनं वैद्यकीय तपासणी सुचवली आहे."

अक्कानं ते तीनदा ऐकलं. मग अर्शदला फोन लावला. तिनं नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, "मातीला काळीज कसं रं ऐकू येतंय?"

"पैलवान पालथा पडून बचाव करतो ना, तेव्हा छाती मातीला टेकलेली असते," अर्शद म्हणाला. "प्रत्येक ठोक्याला शरीर किंचित धक्का देतं. आपल्याला कळत नाही, कणाला कळतो. ठोके नीट पडतायत की एकमेकांवर चढतायत, एवढं त्याला ओळखता येतं."

"मग ह्ये खरं हाय का ताकाचा खेळ?"

"ओली माती आता त्यांना कळते. पण तिच्या हौद्यात तुमच्या एका पोत्यापुरतेच कण आहेत. मत द्यायला कमी जण, म्हणजे चूक व्हायची शक्यता जास्त. मी आकडा सांगणार नाही अक्का. तुम्ही त्या आकड्यावर भरवसा ठेवून बसाल."

"खोटं निघालं तर दुसऱ्यांदा तिची कुस्ती मोडली म्हणायची मी."

"हो."

"आणि खरं असलं तर?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. अक्कानं फोन ठेवला आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागली.

*

चिंचमाळावरची तालीम म्हणजे पत्र्याची शेड, शेणानं सारवलेलं अंगण आणि मधोमध लालभडक हौदा. अक्का आत शिरली तेव्हा प्रणोती त्या जाड्या पोरीला मानेवर कसं तोलायचं ते दाखवत होती. गुरू दिसल्यावर ती उठली, अंगावरची माती झटकली, पुढे येऊन पाया पडली. पण तोंडाकडे पाहिलं नाही.

"यात्रेआधी वस्ताद दुसऱ्याच्या तालमीत? लोकं काय म्हणतील, अक्का?"

"म्हणू देत. पोरींना भाईर धाड. तुझ्यासंगं बोलायचंय."

पोरी बाहेर गेल्या आणि दाराच्या फटीला कान लावून उभ्या राहिल्या. अक्का हौद्याच्या काठावर बसली. येताना तिनं पुष्कळ जुळवाजुळव केली होती. आधी हृदयाचं सांगायचं म्हणजे बाकीच्याचा राग कमी होईल, वगैरे. पण काठावर बसल्यावर तिला ते लबाडीचं वाटलं. तिनं सुरुवातीपासून सुरुवात केली. पोत्याबरोबर गेलेली खसखस, संध्याकाळी चोरून ऐकणं, ईश्वरीला सांगितलेला डावा पाय. आणि शेवटी ठोक्यांचं.

प्रणोतीला आधी हसूच आलं. "मागल्या येळी गुडघा, ह्या येळी काळीज. पुढल्या येळी काय, अक्का? मेंदू?"

"तुजी शप्पत प्रणू, मी..."

"माझी शप्पत नगं." तिचा आवाज चढला. "माझं सोडा. ह्या पोरी हितं पडत्यात, हरत्यात, कुणाला दिसू न्हाई म्हणून मातीत तोंड घालून रडत्यात. आणि तिकडं तुमी ऐकत बसलाय?"

"बोललेलं कळत न्हाई गं त्येला."

"पण पडलेलं कळतंय न्हवं? हरलेलं कळतंय न्हवं?"

दाराबाहेर कुणीतरी शिंकलं आणि कुणीतरी तिला गप्प केलं.

"एकदा डाक्टरला दाव," अक्का म्हणाली. "एकदाच. मग वाटंल ते बोल मला."

"मी डाक्टरकडं जायचं, त्यानं आठ दिस आराम सांगायचा आणि तुमची ईश्वरी बिनकुस्तीची गदा घेऊन जायची. असंच न्हवं?" प्रणोती हौद्यात उतरली आणि तिनं ओंजळभर माती उचलली. "आदी ह्ये मारा. माझ्या पोरींचं, माझं, तुमच्याकडं साठलंय ते सगळं पुसा. माझ्यासमोर. मग मी येतो डाक्टरकडं." कोल्हापूरकडच्या बायका ‘येतो-जातो’ असंच म्हणतात, पण प्रणोती ते म्हणाली की पैज लावल्यासारखं वाटायचं.

अक्कानं अर्शदला फोन लावून तो मोठ्या आवाजावर ठेवला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "करता येईल. पण अक्का, साठवलेलं पुसलं तर ठोक्यांचा पुरावाही जाईल. डॉक्टरला दाखवायला तुमच्या हातात काहीच उरणार नाही. निदान तेवढं ठेवा."

अक्कानं प्रणोतीकडे पाहिलं. प्रणोतीची ओंजळ तशीच धरलेली होती. ती वाट बघत होती, अक्का काय मागं ठेवते ते. ठेवलेला एक तुकडा म्हणजे पुन्हा तेच, पोरीपेक्षा खसखस खरी. आणि काहीच ठेवलं नाही तर उद्या डॉक्टरपुढं आपण कोण? एक म्हातारी वस्ताद, आपल्या चेलीविरुद्धच्या पैलवानाला आजारी ठरवायला आलेली.

"पूस," ती म्हणाली. "सगळं."

"पावसाळा संपेपर्यंत तुमच्या हौद्यातलंही काही कळणार नाही."

"खसखस नव्हती तवा काय कुस्त्या होत न्हवत्या? पूस म्हणतोय न्हवं!"

अर्शदनं तिच्याकडून दोनदा होकार घेतला, कारण नियम तसा होता. मग काहीच झालं नाही. ना आवाज, ना उजेड. दोन गावांच्या मातीत हजारो बारीक तारा जळल्या आणि फोन म्हणाला, "या नावावर आता एकही कण नाही, एकही नोंद नाही."

प्रणोतीनं ओंजळ रिकामी केली. "उद्या सकाळी," ती म्हणाली. "पण मी माझ्या गाडीवर येणार."

*

कोल्हापुरात डॉक्टर लाटकर म्हणून एक हृदयरोगतज्ज्ञ होत्या. वयानं प्रणोतीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, प्रणोतीच्या छातीवर पट्ट्या लावून आलेख काढला, मग पडद्यावर हृदय दाखवलं. ते उघडत होतं, मिटत होतं, अगदी शहाण्यासारखं.

"उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आलेख स्वच्छ आहे, झडपा चांगल्या आहेत, स्नायू चांगला आहे. खेळाडूचं असावं तसं हृदय. तुमच्याकडे त्या नोंदी असत्या तर मी पाहिल्या असत्या."

"त्या पुसल्या," अक्का म्हणाली.

"का?"

प्रणोती पट्ट्या काढून बसली होती. तिनं अक्काकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आता रागसुद्धा नव्हता. त्यापेक्षा राग बरा होता. गुडघ्याचा अहवाल आला तेव्हा तिनं असंच पाहिलं होतं.

"बाई," अक्का डॉक्टरांना म्हणाली, "ही झोपल्यावर तुमी बघितलं. आमची पोरगी झोपून कुस्ती खेळत न्हाई. ठोकं बिघडत्यात ते झटापटीत. दमवून बघा हिला. मी हात जोडतो."

"ताणचाचणी करता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "सरकत्या पट्ट्यावर पळवायचं, वेग वाढवत न्यायचा. पण त्यांना काही त्रास नसेल तर मी आग्रह धरणार नाही. त्यांचा निर्णय." आणि त्या प्रणोतीकडे वळल्या. "कधी चक्कर? छातीत धडधड?"

प्रणोतीनं ‘नाही’ म्हटलं असतं तर ती उठून गेली असती. शब्द पाळून झाला होता, अहवाल चांगला आला होता, यात्रा तोंडावर होती. तिनं अक्काकडे पाहिलं. अक्का मान खाली घालून आपल्या हातांकडे बघत बसली होती. त्या हातांत आता काही नव्हतं, फोनही नव्हता.

"घेरी आलीवती," प्रणोती हळूच म्हणाली. "दोनदा. लढत संपता संपता. शनवारचा उपास हुता म्हणून आली आसंल, आसं म्हटलं मी. कुणाला बोललो न्हाई." मग ती म्हणाली, "पळवा मला. अक्का म्हणत्यात तर पळवा."

अक्कानं मान वर केली नाही. केली असती तर तिला रडू आवरलं नसतं.

प्रणोती पळायला लागली. सुरुवातीला ती हसत होती, चढावर रोज पळणाऱ्या पोरीला तो पट्टा म्हणजे चेष्टा. वेग वाढला. तिच्या कपाळावर घाम आला. पडद्यावरची रेघ एकसारख्या टेकड्या काढत चालली होती. आणखी वेग वाढला, आणि टेकड्यांच्या मधे एक आडदांड लाट आली. मग दुसरी, उलट्या तोंडाची. मग एकापाठोपाठ एक, एक वर तर एक खाली.

"थांबवा," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्या स्वतःच पुढे धावल्या.

प्रणोतीला आडवं केलं, सुई टोचली, दोन परिचारिका झटक्याचं यंत्र घेऊन उशाशी उभ्या राहिल्या. ते वापरावं लागलं नाही. लाटा कमी होत गेल्या आणि टेकड्या परत आल्या. अक्का भिंतीला पाठ लावून पडद्यावरच्या टेकड्या मोजत उभी होती.

बऱ्याच वेळानं डॉक्टर दोघींपाशी येऊन बसल्या. हृदयाची घडण निर्दोष आहे, त्या म्हणाल्या, दोष आहे तो आतल्या विजेच्या कारभारात. विश्रांतीत तो दिसत नाही, कुणालाच सापडला नसता. जोराच्या श्रमात, धास्तीत हृदय भरकटतं आणि एखाद्या वेळी परत येत नाही. गोळ्या कायमच्या घ्याव्या लागतील. शिवाय तांदळाएवढं एक यंत्र आत बसवता येईल. ते ठोके शिकत राहील आणि भरकटले तर स्वतःच ताळ्यावर आणेल.

"म्हंजी खसखस आता माझ्या आत," प्रणोती म्हणाली.

डॉक्टरांना ते कळलं नाही. "बसवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. विचार करून सांगा. तुम्ही हो म्हणाल्याशिवाय काही होणार नाही. पण कुस्ती मात्र आजपासून बंद. त्यात विचार नाही."

त्या गेल्या. खोलीत दोघीच राहिल्या. प्रणोती छताकडे बघत पडली होती.

"यात्रेत गेलो असतो तर..."

"नगं काढू ते."

"ईश्वरीनं डाव्या पायाचा पट काढला असता, मी पालथी पडलो असतो, आणि तालुक्याच्या देखत..." मग एकदम तिचा बांध फुटला. ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली, आणि अक्काही तिच्याबरोबर रडली, तोंडाला पदर न लावता, दवाखाना असून मोठ्यानं. जगली म्हणून रडत होत्या की कुस्ती गेली म्हणून, ते दोघींनाही वेगळं करून सांगता आलं नसतं. परिचारिकेनं दार उघडलं, पाहिलं आणि परत लावून घेतलं.

रडणं ओसरल्यावर प्रणोती म्हणाली, "माझ्या पोरींकडं कोण बघंल आता?"

"तूच. काठावर बसायचं आणि सांगायचं. मी काय करतोय इतकी वर्सं?"

"काठावर बसून मला न्हाई बघवायचं, अक्का. हातपाय असून?"

अक्कानं तिच्या कपाळावरचे ओले केस मागं सारले. खांदा निखळून आपली कुस्ती सुटली त्याबद्दल ती कधी कुणाशी बोलली नव्हती.

"मलाबी न्हाई बघवलं," ती म्हणाली. "पयलं वरीसभर हौद्याकडं पाठ करून बसायचो. मग तू आलीस."